‘इन्व्हिजिबल, इंक.’ : घेण्यासारखा आहे का, आणि कुठे कमी पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे : टर्न-बेस्ड (आळीपाळीने चाली करायचे) व्हिडिओ गेम आवडतात, सायबरपंकचं (महाकाय कंपन्या आणि यंत्रांनी व्यापलेल्या भविष्याचं) वातावरणही आवडतं, पण स्टेल्थ (लपतछपत जायच्या) गेममध्ये तासन्‌तास अंधारात बसून गार्डची पाठ फिरायची वाट बघण्याचा कंटाळा येतो. अशा माणसाने ‘इन्व्हिजिबल, इंक.’ घ्यावा का? आणि त्यातलं चांगलं-वाईट नेमकं काय?

घ्यावा. मी गेमच्या नियमांची रचना करण्याचं काम करतो, आणि टर्न-बेस्ड गेमवर काम करायला आलेल्या नव्या मंडळींना पहिल्या आठवड्यात मी हाच गेम खेळायला लावतो. सर्वांत चांगला गेम म्हणून लावत नाही. त्यातला एक नियम काढून घेतला तर बाकीचा डोलारा कसा कोसळेल हे इतकं स्पष्ट दिसणारे गेम फार थोडे आहेत, म्हणून लावतो. त्याच्या बहुतेक उणिवाही त्याच एका नियमातून निघतात. त्यामुळे ‘हे चांगलं, ते वाईट’ असे दोन रकाने आखून हा गेम समजत नाही.

आधी ओळख. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या क्ले एन्टरटेनमेंटचा हा गेम. ‘मार्क ऑफ द निंजा’ (2012) आणि ‘डोन्ट स्टार्व्ह’ (2013) यांचीच मंडळी. 2014मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये (पूर्ण होण्याआधीच विक्रीला ठेवलेल्या रूपात) आला आणि 12 मे 2015 रोजी पूर्ण स्वरूपात पीसीवर. पुढे प्लेस्टेशन 4, आयपॅड आणि निन्टेन्डो स्विचवरही पोहोचला. काळ 2074चा. सरकारं मोडीत निघाली आहेत आणि जगाचा कारभार चार महाकाय कंपन्यांच्या हातात आहे. इन्व्हिजिबल ही हेरांची खासगी संस्था. सुरुवातीलाच तिच्या मुख्यालयावर धाड पडते. संस्थेची प्रमुख सेंट्रल ही दोन हेर आणि इन्कॉग्निटा नावाची एआय घेऊन कशीबशी निसटते. इन्कॉग्निटा तात्पुरत्या विजेवर 72 तासच तग धरू शकते. तेवढ्या वेळात जगभरातल्या कंपन्यांच्या इमारती फोडायच्या, पैसा, हत्यारं आणि माणसं जमवायची आणि शेवटची मोठी कामगिरी पार पाडायची. एकेका ठिकाणी पोहोचायलाही काही तास खर्ची पडतात, त्यामुळे पूर्ण मोहिमेत साधारण आठ-नऊ घरफोड्या पदरात पडतात.

आता तो नियम. प्रत्येक इमारतीत स्क्रीनच्या कोपऱ्यात एक अलार्मची तबकडी असते. तुमची प्रत्येक टर्न संपली की ती एका खुणेने पुढे सरकते. तुम्ही काहीही चूक केली नसली तरी सरकते. पाच खुणा भरल्या की सुरक्षेची पातळी एकाने वाढते, आणि अशा सहा पातळ्या आहेत. पातळी वाढली की कधी बंद असलेले कॅमेरे चालू होतात, कधी सगळ्या उपकरणांचे फायरवॉल (हॅकिंग रोखणारी कवचं) जाड होतात, कधी गार्डच्या गस्तीचे मार्ग बदलतात. पुढे तर बाहेरून तगडे गार्ड थेट तुमच्या शोधात आत येतात.

ऐकायला साधं वाटतं. पण स्टेल्थ गेमचं जुनं दुखणं काय? थांबणं फुकट असतं. गार्ड येतो, जातो, पुन्हा येतो. तुम्ही पेटीमागे बसून त्याची फेरी पाठ करता, आणि जो सर्वांत जास्त वाट बघतो तो जिंकतो. सावधपणाला बक्षीस देता देता डिझाइनर नकळत कंटाळ्यालाच बक्षीस देऊन बसतो. इथे थांबण्याला किंमत आहे आणि ती आधीच छापलेली आहे. एक टर्न म्हणजे एक खूण. ‘हा गार्ड वळेपर्यंत थांबू का?’ हा प्रश्न ‘दोन खुणा देऊन हा दरवाजा परवडतो का?’ असा होतो. म्हणून प्रश्नकर्त्याला ज्या वाट बघण्याचा कंटाळा येतो ती इथे जवळजवळ नाहीच.

आणि हाव. मला या गेममधलं सर्वांत देखणं काही वाटत असेल तर ते हेच. ज्या वस्तूसाठी आलात ती बहुतेकदा वेळेत मिळते. बाहेर पडायची जागाही सापडलेली असते. पण शेजारच्या खोलीत एक तिजोरी दिसते. अलार्म तिसऱ्या पातळीवर आहे, एक हेर दारात उभा आहे, दुसऱ्याला तिजोरीपर्यंत जाऊन परत यायला तीन टर्न लागतील. त्या पैशांत पुढच्या कामगिरीसाठी वेग वाढवता येईल. इथे गेम तुम्हाला ढकलत नाही. फक्त आकडे समोर ठेवतो. मग आपण ज्या चुका करतो त्या पूर्ण शुद्धीत केलेल्या असतात आणि म्हणूनच जिव्हारी लागतात.

आकडे समोर ठेवणं ही या गेमची दुसरी ताकद, आणि पहिली ताकद तिच्यावरच उभी आहे. एक्सकॉमसारख्या टर्न-बेस्ड लढाईच्या गेममध्ये गोळी लागण्याची शक्यता टक्क्यांत दिसते, आणि 85 टक्क्यांचा नेम चुकला की आपण नशिबाला शिव्या घालतो. इथे टक्केच नाहीत. तुमच्या शस्त्राची भेदनक्षमता गार्डच्या चिलखताइतकी किंवा जास्त असेल तर तो पडणार, नसेल तर नाही. कुठल्या चौकोनात पाऊल टाकलं तर दिसाल हे रंगांनी आधीच दाखवलेलं असतं. थोडे ॲक्शन पॉइंट (एका टर्नमध्ये हालचालींसाठी मिळणारे गुण) खर्चून गार्डची पुढची वाट बघून घेता येते. एक पॉइंट देऊन दरवाजाच्या फटीतून किंवा कोपऱ्यावरून डोकावता येतं. ‘मार्क ऑफ द निंजा’मध्ये याच लोकांनी पावलांचा आवाज वर्तुळांनी डोळ्यांना दाखवला होता. तोच विचार इथे टर्नच्या चौकटीत पुढे नेला आहे : खेळाडूला नियम माहीत नसल्यामुळे तो हरता कामा नये.

म्हणजे अनिश्चितता अजिबात नाही असं नाही. ती फक्त एकाच ठिकाणी कोंडली आहे : अजून न पाहिलेल्या खोलीत. जे दिसतंय त्याचा हिशेब पक्का, जे दिसत नाही त्याची भीती पक्की. मजला दर वेळी नव्याने रचला जातो आणि बाहेर पडायची जागा कुठे आहे हेही सुरुवातीला ठाऊक नसतं, म्हणून ही भीती शिळी होत नाही.

गार्डने तुम्हाला पाहिलं तर काय होतं, हा नियमही बघण्यासारखा आहे. लपाछपीत दिसला की आऊट. इथे आऊट होण्याआधी एक श्वास मिळतो. गार्ड बंदूक रोखतो पण लगेच झाडत नाही. त्या श्वासात तुम्ही एका पावलात त्याच्या नजरेआड जाऊ शकलात, किंवा दुसऱ्या हेराने मागून येऊन त्याला आडवा केला, तर वाचलात. पुढचं पाऊलही त्याच्या नजरेतच पडलं तर गोळी. त्यामुळे पकडलं जाणं हा शेवट होत नाही, एक नवं कोडं होतं, आणि तेही सर्वांत रंगतदार. पकडलं गेलं की जुना सेव्ह लोड करायची जी सवय इतर स्टेल्थ गेम लावतात ती इथे लागत नाही. शिवाय टर्न मागे घेण्याची थोडीशी सोय आहे. काठिण्यपातळी वाढते तशी ती कमी होत जाते आणि एक्स्पर्टला एकदाच मिळते. चुकीच्या क्लिकला माफी आहे, चुकीच्या बेताला नाही.

बेशुद्ध गार्डचंही तसंच. न्यूरल डिसरप्टरने पाडलेला गार्ड काही टर्नमध्ये उठतो, आणि उठला की गस्त सोडून तुम्हाला हुडकत फिरतो. त्याच्या अंगावर हेर उभा ठेवला तर तो उठत नाही, पण मग तो हेर तिथेच अडकला. दोन माणसांच्या टोळीतला एक माणूस अडकणं म्हणजे काय, हे दुसऱ्याच इमारतीत कळतं. इतर गेममध्ये पाडलेला गार्ड म्हणजे सुटलेला प्रश्न. इथे पाडलेला गार्ड म्हणजे उधारी.

हॅकिंगकडे वळू. इन्कॉग्निटाचा मोड चालू केला की इमारतीचा सांगाडा आणि त्यातली सापडलेली उपकरणं दिसतात : कॅमेरे, तिजोऱ्या, ड्रोन. प्रत्येकावर काही फायरवॉल. ते तोडायला पॉवर लागते, आणि पॉवर मिळवायला मुख्यतः एखाद्या हेराला प्रत्यक्ष चालत इमारतीतल्या कन्सोलपर्यंत (संगणकापर्यंत) जावं लागतं. इथे दोन खेळ एकमेकांत घट्ट विणले आहेत. पायांनी धोका पत्करून मिळवलेली पॉवर डोळ्यांसमोरचा कॅमेरा बंद करायला वापरायची की दोन खोल्यांपलीकडच्या तिजोरीसाठी राखून ठेवायची? इन्कॉग्निटा हॅकिंगसाठी प्रोग्राम वापरते : सुरुवातीचा लॉकपिक प्रोग्राम दोन पॉवरमध्ये एक फायरवॉल तोडतो. पॅरासाइट स्वस्त आहे, पण दर टर्नला एकच फायरवॉल कुरतडतो, म्हणजे पॉवर वाचते आणि वेळ जातो. आणि वेळ म्हणजे पुन्हा तीच तबकडी. प्रोग्रामची निवडही शेवटी अलार्मच्या भावात मोजली जाते. एकाच चलनात सगळा व्यवहार चालवणं डिझाइनरला फार कठीण जातं. इथे ते बरंचसं जमलं आहे.

बरंचसं. कारण उणिवा इथूनच सुरू होतात.

सगळा हिशेब उघडा ठेवला की खेळाडू हिशेबच करत बसतो. मोहिमेच्या मध्यावर हाताशी तीन-चार हेर, पाच प्रोग्राम, प्रत्येकाच्या खिशात दोन-तीन वस्तू असतात, आणि एकेक टर्न दहा मिनिटं चालते. काहींना हेच हवं असतं. पण गेममध्ये घाई आहे आणि घाई कधीच जाणवत नाही, हा विरोधाभास मला आजही खटकतो. तबकडी टर्न मोजते, मिनिटं मोजत नाही. सेंट्रलच्या आवाजातला ताण आणि तुमच्या हातातला चहाचा कप यांचा काही मेळ बसत नाही. रचनाकारांनी यावर टाइम अटॅक नावाचा मोड दिला आहे, त्यात प्रत्येक टर्नला घड्याळ लागतं. पण मूळ गेम घड्याळासाठी बांधलेलाच नाही. ज्या उघड्या माहितीवर तो उभा आहे ती वाचायलाच वेळ पुरत नाही.

दुसरी उणीव जास्त गंभीर : सुरुवातीला मागे पडलात की मागेच राहता. पहिल्या दोन इमारतींत पैसा कमी मिळाला तर वेग वाढत नाही. वेग नाही म्हणून तिसऱ्या इमारतीत कमी खोल्या बघून होतात, म्हणून पुन्हा पैसा कमी. तिकडे मोहीम पुढे सरकते तशी कंपन्यांची सुरक्षा कडक होत जाते, तुमची तयारी असो वा नसो. अडखळलेल्या खेळाडूला सावरायला गेम फारसा हात देत नाही. उलट पहिल्या दोन कामगिऱ्यांत एखादा चांगला प्रोग्राम आणि तिसरा हेर मिळाला तर मोहिमेचा उत्तरार्ध मऊ पडतो. पॉवरचा ओघ एकदा नीट बसला की पायी लपतछपत जाण्याची गरजच कमी होते आणि अर्धी इमारत बसल्या जागी उघडता येते. मला विचाराल तर या गेमचा सर्वांत सुंदर भाग दुसऱ्या ते पाचव्या कामगिरीपर्यंतचा. नंतर एक तर घसरण, नाहीतर विजययात्रा.

आपोआप रचलेल्या मजल्यांचं म्हणाल तर बहुतेक वेळा ते काम चोख होतं. पण कधीकधी पहिल्याच दाराबाहेर गार्ड उभा असतो आणि दुसरं दार नसतं, किंवा बाहेर पडायची जागा नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्ये एकच अरुंद वाट. कितीही नीट खेळलात तरी अलार्म दोन पातळ्या चढल्याशिवाय पार होत नाही असा मजला निघतो. हाताने रचलेल्या पातळीत डिझाइनर हे एका नजरेत पकडतो. इथे एखाद्या खोलीची आठवण राहावी असंही काही नसतं. ऑफिस, प्रयोगशाळा, सर्व्हर ठेवलेल्या खोल्या. वर्षभराने मला माझे बेत आठवतात, जागा आठवत नाहीत.

मारण्याबद्दल. गेममध्ये बंदुका आहेत. शॅलेम 11 नावाचा हेर तर रायफल घेऊनच येतो. पण गोळ्या मोजक्या. गार्डच्या हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रणा असल्याने तो मेला की अलार्म उसळी घेतो. वर कामगिरी संपल्यावर सफाईचा खर्चही तुमच्याच खात्यातून. विषयाला हे शोभतंच, खुनाला परिणाम हवेच. पण तराजू इतका एका बाजूला झुकला आहे की दुकानात बंदूक दिसली की मी पुढे सरकतो. निवड म्हणून मांडलेली गोष्ट जवळजवळ नेहमीच चूक ठरत असेल तर ती निवड राहत नाही. हेरांचे गुण वाढवण्यातही तसंच आहे. वेग, हॅकिंग, ताकद आणि ॲनार्की असे चार रकाने आहेत, पण आधी वेग वाढवला नाही तर बाकीचे तीन वापरायला हेर वेळेत पोहोचतच नाही. सगळं वेळेच्या चलनात मोजलं की वेळ देणारी गोष्ट सर्वांत महाग असणार, हे ओघानेच आलं.

आता सायबरपंक. इथे माझं मत अनेकांना पटत नाही. दिसायला गेम झकास आहे : टोकदार रेषांची पात्रं, निळसर अंधार, रुबाबदार कपडे. सुरुवातीची चित्रफीत बघून वाटतं आता काहीतरी मोठं उलगडणार. आणि मग जवळजवळ काहीच उलगडत नाही. मधल्या सगळ्या कामगिऱ्यांत सेंट्रलच्या सूचना आणि हेरांची दोन-चार वाक्यं, बस्स. चारही कंपन्या वेगळ्या आहेत, पण कशा? सान्काकूकडे ड्रोन जास्त, के अँड ओकडे चिलखती शिपाई, एफटीएम आणि प्लास्टेकची आपापली यंत्रणा. म्हणजे फरक आहे तो चौकीदारांत. या कंपन्यांच्या जगात सामान्य माणूस कसा जगतो, भाडं कोणाला देतो, आजारी पडला तर कुठे जातो, याचा मागमूस नाही. आपण ज्यांच्या तिजोऱ्या फोडतो त्या इमारतींत रात्रपाळीची पोरंही दिसत नाहीत. यातलं सायबरपंक म्हणजे शरीरात बसवलेली यंत्रं आणि भिंतीआडचं जाळं. ते नियमांत उत्तम उतरलं आहे. हेरांपैकी डेकरकडे थोडा वेळ अदृश्य करणारं यंत्र आहे, इंटरनॅशनालला भिंतीपलीकडची उपकरणं कळतात, बँक्स बंद दारं उघडते. पण समाज म्हणून ते जग रिकामं आहे. मोहीम काही तासांची आणि पुन्हा पुन्हा खेळण्यासाठी बांधलेली, तेव्हा लांबलचक संवाद दहाव्यांदा नकोसे झाले असते, हे डिझाइनर म्हणून मला कळतं. तरी अटकेतून सोडवून आणलेल्या हेराने सुटल्यावर दोन वाक्यं जास्त बोलली असती तर काही बिघडलं नसतं.

एक गोष्ट मात्र कथेने अचूक साधली आहे. हेराला मागे सोडून बाकीच्यांना बाहेर पडता येतं. गेम अडवत नाही. तो पकडला जातो आणि पुढे एखाद्या बंदीगृहात पुन्हा भेटूही शकतो. कोणाला सोडायचं हे ठरवताना कथेची एक ओळही लागत नाही, त्याच्या खिशात काय आहे आणि दारापर्यंत किती पावलं उरली आहेत एवढं पुरतं. मग सेंट्रल दोन शब्द बोलते आणि पुढचा नकाशा उघडतो. पूर्ण गेममध्ये मला जग खरं वाटलं ते अशा क्षणी.

शिकवण्यात गेम थोडा कंजूष आहे. सुरुवातीचा धडा डोकावणं, दार आणि डिसरप्टर एवढंच नीट समजावतो. कुठल्या वस्तूमागे लपता येतं आणि कुठल्या कोनातून येत नाही, हे दोनदा गोळी खाल्ल्यावरच उमगतं. तिरक्या कॅमेऱ्यामुळे भिंतीमागचा चौकोन कधीकधी झाकला जातो. कॅमेरा फिरवायची सवय लावा आणि टॅक्टिकल व्ह्यू (मांडणी साधी करून दाखवणारं दृश्य) चालू करून बघा, मग ही तक्रार बरीच कमी होते.

याच घराण्यातला ‘गनपॉइंट’ (2013) कोणी सुचवेल. तोही इमारती फोडण्याचाच गेम, बाजूने दिसणारा, दिव्याच्या बटणाची तार दरवाजाला जोडून गार्डला फसवण्याचा. विनोदी आहे, हुशार आहे, दोन संध्याकाळींत संपतो. संवाद हवे असतील तर तो आधी घ्या. ताण हवा असेल तर हाच.

आणि घेतलात तर सुरुवात अशी करा. पहिली मोहीम बिगिनर या सोप्या पातळीवर खेळा, ती हरलात तरी चालेल. दुसरी एक्स्पीरियन्स्डवर, डेकर आणि इंटरनॅशनाल याच जोडीने. नोव्हेंबर 2015चं ‘कन्टिन्जन्सी प्लॅन’ हे वाढीव पॅक सोबत घेतलं असेल तर आधी बंद ठेवा. त्यात नवे हेर आणि प्रोग्राम आहेत, पण मोहीम लांबते, आणि वर सांगितलेला मऊ पडणारा उत्तरार्ध त्यात आणखी लांबतो. पहिल्या दोन इमारती पैशांच्या तिजोऱ्यांच्या निवडा, आलेला पैसा वेगावर घाला, आणि त्यानंतर लगेच बंदीगृहाची कामगिरी समोर आली तर ती सोडू नका. दोन हेरांनी एक्स्पर्टची पाचवी इमारत फोडणं शक्य आहे, पण तो छंद वेगळा.